तीनशे बारा बदाम

आक्काच्या वजनकाट्यापुढे कुणाचा वशिला चालत नसे. कपात नव्वद ग्रॅम म्हणजे नव्वद ग्रॅम. एक्क्याण्णव झाले तर चमच्याचं टोक बुडवून ती तेवढंच काढून घ्यायची, आणि एकोणनव्वद भरले तर तिला दुपारचं जेवण गोड लागायचं नाही. विमानतळाच्या मागच्या अंगाला, जिथे विमानात द्यायचं जेवण तयार होतं त्या लांबलचक इमारतीत, थंड पदार्थांचा विभाग बावीस वर्षं तिच्या ताब्यात होता. 'आक्का' हे नाव तिला कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. तिच्याहून वयाने मोठे असलेले मास्तरसुद्धा तिला आक्काच म्हणायचे.

नाताळचा आठवडा आला की त्या इमारतीच्या अंगात वारं शिरायचं. प्रत्येक विमान कंपनीला वाटायचं, आपल्या प्रवाशाला आकाशात का होईना पण घरचं खायला मिळावं. इटलीच्या विमानासाठी मनुका घातलेला उंच गोड पाव व्हायचा. तो भट्टीतून काढला की उलटा टांगायचा, नाहीतर लाडावलेल्या जावयासारखा फतकल मारून बसतो. पोलंडच्या ताटात बारा पदार्थ हवेत आणि त्यात मटणाचा तुकडा नको. ते बारा एका ट्रेमध्ये कसे बसवायचे यावर दोन शहाणी माणसं दोन दिवस भांडली. फ्रान्ससाठी झाडाच्या ओंडक्यासारखा केक, त्यावर साल दिसावी म्हणून काट्याने रेघा ओढायच्या. पोर्तुगालचा खारवलेला मासा तीन दिवस पाणी बदलत भिजत पडायचा आणि तेवढे तीन दिवस लोक लिफ्ट सोडून जिन्याने जायचे. आक्काच्या वाट्याला यंदा डेन्मार्क आलं होतं. त्यांची थंड खीर. शिजवलेला भात, फेटलेली साय, साखर, भरडलेले बदाम, वरून चेरीचा लाल पाक. कप तीनशे बारा.

एरवी असल्या कामात आक्काला चेव चढायचा. यंदा मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पुसलेलं टेबल ती पुन्हा पुसायची, कोल्ड रूममध्ये जायची आणि कशाला आलो ते विसरून परत यायची. कारण पंचवीस तारखेला तिची लेक येणार होती. येणार म्हणजे काय, तर विमान बदलायला उतरणार होती. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, सहा तास. सहा वर्षं ती लांब होतीच, आता आणखी लांबची नोकरी धरून चालली होती. आक्काने ऑगस्टमध्येच सुट्टीचा अर्ज टाकला होता आणि तो मंजूर होऊन तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता.

मायलेकींमध्ये भांडण असं नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. आक्काने दोन्ही मुलांना सगळं सारखं दिलं होतं, हीच तर खरी अडचण होती. केकचा तुकडा ती पट्टी लावून कापायची. लेकाशी दहा मिनिटं फोनवर बोलली की लेकीशी दहा मिनिटं, मग सांगण्यासारखं असो वा नसो. लेक बारा वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला आणि ती नऊ दिवस दवाखान्यात होती. तेव्हा आक्का एक रात्र तिच्याजवळ झोपायची आणि एक रात्र घरी लेकाजवळ, त्याला वाईट वाटू नये म्हणून. गेल्या आठवड्यात, इतक्या वर्षांनी, लेकीने फोनवर ते काढलं.

"मी आजारी होते आई, तो नव्हता," ती म्हणाली. "मी तिथे रात्री मोजायचे. पाच तुझ्या, चार नर्सच्या."

मग ती म्हणाली की पंचवीसला जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी वाट बघत बसणार नाही. आक्का म्हणाली, येते म्हणजे येते. आणि पुढे, जिभेला हाड नसल्यासारखी, म्हणून गेली की दादालाही घेऊन येते, म्हणजे दोघांना सारखा वेळ मिळेल. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तेव्हापासून आक्काला कुठे पाय टेकवत नव्हता.

अशा अवस्थेत तिच्या हातात डेन्मार्कचं कार्ड आलं. तांदूळ इतके किलो, साय इतके लिटर, भरडलेले बदाम इतके, आणि सगळ्यात खाली: बदाम, सोललेला, अख्खा, नग एक. दुसऱ्या कुणी विचार केला असता की एवढ्या मोठ्या पातेल्यात एक बदाम कशाला. आक्काने विचार केला की बाकी मापं पातेल्याची दिलीत आणि बदामाचं तेवढं कपाचं दिलंय, कुणा झोपाळूने कार्ड लिहिलंय. एरवी तिने फोन करून विचारलं असतं. पण त्या दिवशी तिला फोन हातात घ्यायचीच धास्ती वाटत होती. तिने तीनशे बारा बदाम सोलून घेतले. एवढंच नाही, तर लहानमोठे वेगळे काढून सगळे एका मापाचे निवडले, म्हणजे उगाच कुणाच्या वाट्याला बारका यायला नको. प्रत्येक कपात एक बदाम अगदी मधोमध रोवला गेला, वर पाक पडला, मास्तरांनी झाकणं चिकटवली आणि लांब्याने कप ट्रॉलीत भरले.

आक्काच्या हाताखाली ही तीनच माणसं होती. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, घरात बसून बायकोच्या डोळ्यांवर येण्यापेक्षा बरं म्हणून कामाला लागलेले. लांब्या तिशीतला, नावाप्रमाणे लांब, कोल्ड रूमच्या दाराला रोज डोकं आपटणारा. आणि धाकटी, जिला तीन वर्षांचा मुलगा होता आणि जी तो विषय कधी संपवायची नाही.

तेवीस तारखेला दुपारी त्या विमान कंपनीचा आचारी चव बघायला आला. गोल, गुलाबी, हसरा माणूस. त्याने एक कप उघडला, चमचा घातला आणि बदाम लागल्यावर खूश होऊन टाळी वाजवली. नशीबच म्हणायचं. मग त्याने सहज दुसरा उघडला. तिसरा उघडताना त्याचं हसू पातळ झालं. पाचव्या कपानंतर तो स्टुलावर बसला.

त्याने हातवारे करून सांगितलं ते असं. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी अख्ख्या घराच्या खिरीत एकच बदाम असतो. तो ज्याला सापडेल त्याला बक्षीस. पण सापडला की लगेच सांगायचं नाही. गालात दडवून ठेवायचा आणि साळसूद चेहरा करून खात राहायचं, म्हणजे बाकीचे आशेने पातेलं चाटूनपुसून रिकामं करतात. सगळ्यांचं खाऊन झालं की मग बदाम काढून दाखवायचा. आता या विमानात तीनशे बारा माणसं गाल फुगवून, एक शब्द न बोलता एकमेकांकडे बघत बसतील, आणि उतरेपर्यंत कोणी तोंड उघडणार नाही.

लांब्याला हसू आवरेना, तो ट्रॉलीमागे जाऊन हसला. आक्काच्या मात्र कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सगळ्यांना सारखं दिलं तर बिघडलं कुठे, असं तिला विचारायचं होतं. पण आचाऱ्याचा पडलेला चेहराच उत्तर देत होता. कप उघडून बदाम काढायचे म्हटलं तर सील तुटलेला कप विमानात चढत नाही, तो नियम तिनेच भिंतीवर लावला होता. म्हणजे तीनशे बारा कप पुन्हा करायचे. नवा भात, नवी साय, आणि यावेळी अख्खा बदाम एकच, तोही आचारी स्वतः डोळे मिटून कुठल्या तरी एका कपात टाकणार.

वरच्या मजल्यावरचे मोठे साहेब खाली आले. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते हिशेबी माणूस. तेवीसची दुपार आणि चोवीसची सकाळ खिरीत गेली, म्हणजे पंचवीसच्या विमानांची आधी करून ठेवायची तयारी आता पंचवीसलाच करावी लागणार. त्या दिवशी आक्का आणि धाकटी दोघींची सुट्टी मंजूर होती. आता एकच मिळेल, ते म्हणाले. कुणाची ते तुम्हीच ठरवा आक्का, तुमच्याइतकं समान वाटप कोण करणार? ते खरंच कौतुकाने म्हणाले, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

चोवीसला सकाळी साडेदहाला नवे कप गेले. चौघंही स्टीलच्या टेबलाभोवती उभी होती, कंबरा धरून. आक्का म्हणाली की चूक माझी आहे, तर सुट्टी धाकटीने घ्यावी. तोंडातून ते असं सहज आलं की जणू पाठ केलेलं होतं. पण लांब्या आडवा आला. मंजूर झालेलं रद्द झालंय, मग आता सगळे सारखे, असं त्याचं म्हणणं. त्याला उद्या मुलीकडचे भेटायला येणार होते. बाराव्या स्थळाला कुठे होकाराचा वास येत होता, आणि तो इथे चेरीच्या पाकात हात घालून बसला तर तेही हातचं जाणार. धाकटीच्या मुलाला उद्याच्या, चर्चमधल्या नाताळच्या नाटकात मेंढीचं काम मिळालं होतं. वाक्य एकही नव्हतं, पण तो आठवडाभर घरात चार पायांवर चालत होता. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, मला झोपायचंय, आणि याहून मोठं कारण माझ्या वयात नसतं.

तोडगा आचाऱ्यानेच काढला. तो आपला कागदपत्रं घ्यायला थांबला होता. काल उघडलेल्या कपांतली खीर कोल्ड रूममध्ये पातेल्यात ओतून ठेवली होती. विमानात चढायची नव्हती, पण पोटात उतरायला हरकत नव्हती. तिच्यातले अख्खे बदाम वेचून काढलेलेच होते. त्याने एक परत टाकला, ढवळलं, पाठ फिरवली आणि मागे हात करून चार वाडगे भरले. ज्याला बदाम त्याला सुट्टी. आक्काने पातेल्याला बोटही लावलं नाही, आणि वाडगाही सगळ्यांनी उचलल्यावर उरलेला घेतला.

चौघं खायला बसली. खिरीत भरडलेले बदाम होतेच, त्यामुळे दर घासाला कुणाच्या ना कुणाच्या दाताखाली काहीतरी यायचं, चमचा थांबायचा आणि बाकी तिघांच्या नजरा तिकडे वळायच्या. लांब्या चहा ओतावा तसा वाडगा तोंडात रिकामा करत होता. मास्तर प्रत्येक चमचा आधी डोळ्यांजवळ नेऊन तपासत होते. आक्काच्या तिसऱ्या घासाला जिभेवर काहीतरी गुळगुळीत, अख्खं, टोकदार आलं.

तिने ते गालात सरकवलं. हे तिने ठरवून केलं नाही, जीभच पुढे झाली. मग ती साळसूद चेहऱ्याने खात राहिली.

खरं तर काय करायचं ते सोपं होतं. धाकटी शेजारीच होती आणि तिचं लक्ष आपल्या वाडग्यात होतं. उठायचं निमित्त करून, तोंड पुसल्यासारखं करून बदाम तिच्या वाडग्यात सोडता आला असता. पोरगं मेंढी झालं असतं, आईने टाळ्या वाजवल्या असत्या. आणि लेकीला सांगता आलं असतं की माझ्याच चुकीमुळे सुट्टी गेली, दुसऱ्याच्या तोंडचं कसं काढून घेऊ, तूच सांग. लेक म्हणाली असती, बरं. एवढंच म्हणाली असती. चुकीचं काही वागल्याचा ठपका आक्कावर कुणालाच ठेवता आला नसता, आजवर कधी ठेवता आला नव्हता.

नेमकं तिथेच ती अडली. धाकटीला बदाम देण्यात आपल्याला काहीच जड जात नाहीये, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली. देणं तिला नेहमीच सोपं गेलं होतं. दोघांना अर्धं अर्धं दिलं की कुणावर जास्त जीव आहे, कुणाला आत्ता आपली जास्त गरज आहे, हे बघावंच लागत नाही. दवाखान्यातून घरी जायच्या त्या चार रात्री तिचा पाय निघत नव्हता. तो तिने ओढून नेला होता. लेकाने तिला बोलावलंही नव्हतं. तो आजीशेजारी गाढ झोपलेला असायचा. ती स्वयंपाकघरात सकाळ होईपर्यंत बसून राहायची आणि तिला वाटायचं, आपण योग्य वागतोय.

लांब्याचा वाडगा संपला. त्याने तो उपडा करून दाखवला आणि भिंतीला टेकला. मास्तरांनी शेवटचा चमचा खाऊन मान हलवली. धाकटी अजून खरवडत होती. वाडग्यात काही उरलं नव्हतं, तरी चमचा फिरतच होता, आणि तिचे डोळे भरून आले होते. मग तीही थांबली.

आचारी हसत एकेकाच्या गालाकडे बघत होता. लांब्याने मास्तरांकडे संशयाने पाहिलं.  आक्काच्या गालात बदाम आता कोमट झाला होता. गिळून टाकला तरी चाललं असतं. सुट्टी कुणालाच मिळाली नसती. चौघांना सारखं.

तिने तो काढून टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आणि उद्या मी जाणार आहे."

लांब्या भिंत सोडून टेबलाशी आला. मग म्हणाला, "घोळ घातलात तुम्ही आक्का, आणि सुट्टीपण तुम्हीच घेताय."

"हो," आक्का म्हणाली.

त्याला भांडण हवं होतं, पण या उत्तराला कुठून धरावं ते त्याला समजेना. मास्तर पुटपुटले की नियम आधी ठरला होता, आता त्यात बोलण्यासारखं काही नाही, आणि आपला ॲप्रन सोडू लागले. धाकटीने चारही वाडगे एकात एक रचले आणि ती ते धुवायला घेऊन गेली. आक्काचा वाडगा उचलताना तिने आक्काकडे पाहिलं नाही. नळ खूप वेळ चालू राहिला. आक्काला उठून तिच्यामागे जावंसं वाटलं, काहीतरी द्यावंसं वाटलं, पुढच्या महिन्यातल्या आपल्या दोन रजा, काहीही. ती उठलीसुद्धा. पण आत्ता काही देऊन टाकलं तर ते धाकटीसाठी नसेल, स्वतःला हलकं वाटावं म्हणून असेल, हे तिला कळत होतं. ती दुसऱ्या दाराने कपाटांच्या बोळात गेली.

तिथे युनिफॉर्मच्या गाठोड्यांमधून कसंबसं चालता येत होतं. तिने लेकीला फोन लावला. चार वेळा वाजला, तेवढ्यात ती बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन आली. पलीकडून लेकीने आधी सामानाबद्दल सांगितलं, एक बॅग जास्त झाली आहे वगैरे, घाईघाईने, मध्ये जागा न सोडता, जसं माणूस वाईट बातमी ऐकायच्या आधी बोलतं.

"मी उद्या येतेय," आक्का म्हणाली.

 लेकीने सवयीने विचारलं, "दादा किती वाजता येणार?"

"तो नाही येणार. त्याला मी सांगितलंच नाही."

"का?"

 इथून तिथे चालत तिने दोन कपाटांची उघडी दारं लावली. "मला तू हवी आहेस," ती शेवटी म्हणाली. "सगळे सहाच्या सहा तास. त्याला कळलं तर रागावू दे."

  पलीकडून लेकीने नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि ती बोलली तेव्हा तिचा आवाज बारा वर्षांच्या मुलीसारखा येत होता.

"आई, अकराची वाट बघू नकोस. दहालाच येऊन उभी राहा. कधीकधी विमान लवकर उतरतं."